मूळ प्रत तुझ्याकडेच हवी

प्रिय पोरी,

तुझा आवाजी निरोप ऐकला. तू तीन गोष्टी विचारल्यास. फेसबुकवरचं पुराचं लाइव्ह गायब झालं, आता सगळं यूट्यूबवर हलवू का? व्ह्यूज पडलेत, बातम्या सोडून रील्स करू का? आणि त्या वाहिनीने स्ट्रिंजर (मानधनावरचा बाहेरचा बातमीदार) म्हणून बोलावलंय, जाऊ का? मधेच तू सीनाकाठच्या एका शेतकऱ्याबद्दल बोललीस आणि पुढे निघून गेलीस. त्याचं रान खरडून गेलं. पुराच्या दिवशी तू त्याच्या बांधावर उभी राहून लाइव्ह केलं होतंस. पंचनाम्यात त्याचं क्षेत्र कमी लागलं म्हणून तो तुझ्याकडे व्हिडिओ मागायला आला आणि तुझ्याकडे तो नव्हता. पोरी, तुझ्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या माणसाच्या मागणीतच आहे. मूळ प्रत तुझ्याकडे हवी. पुढचं सगळं पत्र याच एका गोष्टीवर आहे, कंटाळलीस तरी वाच.

लाइव्ह का गेलं ते आधी समजून घे. त्यात कुणी तुझ्यावर डूख धरलेला नाही. 19 फेब्रुवारी 2025 पासून फेसबुकवरचं नवं लाइव्ह 30 दिवसच राहतं, मग आपोआप पुसलं जातं. आधी ते कायम राहायचं. तुझं लाइव्ह सप्टेंबरमधलं, म्हणजे ऑक्टोबर सरता सरता ते जाणारच होतं. त्या 30 दिवसांत ते उतरवून घेता येतं, पण हे तुला कुणी सांगितलं नाही आणि तूही बघितलं नाहीस. जे आपण टाकलं ते तिथे राहील, असं धरून चालणारी तू एकटी नाहीस. 29 जून 2020 ला सरकारने 59 ॲप बंद केले, त्यात टिकटॉक होतं. आपल्या भागातल्या कितीतरी लेकरांनी तिथे वर्षं घातली होती, चाहते जमवले होते. बंदीनंतर ज्यांच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ होते ते दुसरीकडे पुन्हा उभे राहिले. बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली.

हे सगळं बटईचं रान आहे. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के तुला देतं, 45 स्वतः ठेवतं; शॉर्ट्सवर तुझा वाटा 45 टक्के. वाटा वाईट नाही, मी त्याबद्दल कुरकुर करत नाही. पण बटईदार रान मालकाचं आहे हे विसरत नाही आणि बियाणं स्वतःच्या घरात ठेवतो. म्हणून 'फेसबुक सोडून यूट्यूब' हे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दोन्हीकडे टाक, पण मूळ प्रत घरी ठेव.

यूट्यूबवर टाकलं म्हणजे जपलं गेलं, असंही धरू नकोस. चढवताना व्हिडिओ पुन्हा दाबला जातो. यूट्यूब स्टुडिओतून, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावरून, तो परत उतरवलास तर 720 पीचाच मिळतो. आणि स्ट्राइकचा, म्हणजे यूट्यूब चॅनलवर ठेवतं त्या ठपक्यांचा, हिशेब नीट पाठ कर, कारण तू दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतेस. नियमभंगाची पहिली स्ट्राइक आली की आठवडाभर काही चढवता येत नाही. 90 दिवसांच्या आत दुसरी आली की दोन आठवडे. तिसरीला चॅनल जातं. कॉपीराइटच्या स्ट्राइक वेगळ्या मोजतात, पण तिथेही 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनल बंद. 'कंटेंट आयडी क्लेम', म्हणजे यूट्यूबच्या यंत्रणेने आपोआप ओळखून लावलेला हक्काचा दावा, हे आणखी तिसरंच. त्यात बहुतेक वेळा फक्त त्या व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे वळतात, चॅनलला धक्का लागत नाही. दुसऱ्याच्या वाहिनीची दहा सेकंदांची क्लिप लावताना 'बातमीसाठी चालतं' असं तू म्हणतेस. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी सवलत आहे, हे खरं. पण स्ट्राइक आधी पडते आणि सवलतीचं भांडण मागून होतं. तू हरकत नोंदवल्यावर दावेदाराला कोर्टाची कारवाई दाखवायला कामकाजाचे 10 दिवस मिळतात, तोवर तुझा व्हिडिओ बंदच असतो. आपण स्वतः काढलेलं चित्र लावलं की हा सगळा घोर वाचतो. शिवाय उद्या कुणी तुझंच चित्रीकरण उचलून तुझ्यावरच दावा लावला, तर 'हे माझं' हे सिद्ध कशावर करशील? मूळ फाइलवरच.

आता कामाचं सांगतो. वही घे.

पुरात, आगीत, मोर्चात आधी फोनच्या कॅमेऱ्यावर रेकॉर्ड कर, लाइव्ह मागून. लाइव्हमध्ये चित्राचा दर्जा रेंजवर चालतो. पुराच्या दिवशी टॉवरची वीज गेलेली असते, रेंज एका कांडीवर येते, आणि तुझा 1080 पीचा फोन ठिगळं ठिगळं दिसणारं चित्र पाठवत राहतो. तेच एकमेव चित्र मागे उरतं. दुसरा फोन असेल तर एकावर लाइव्ह, एकावर रेकॉर्ड. रेकॉर्ड सुरू करताच मोठ्याने बोल: तारीख, वेळ, गाव, तालुका, नदी, तू कुठे उभी आहेस. मग गावाची पाटी किंवा रस्त्याचा किलोमीटरचा दगड चौकटीत घे. मग फोन न हलवता 10 सेकंद लांबचं दृश्य. फोन आडवा धर. तू पुराच्या पाण्यावरून गरागरा फोन फिरवतेस, त्याने अंगावर काटा येतो पण पाणी कुठल्या खांबापर्यंत होतं ते कळत नाही. विजेचा खांब, विहिरीचा कठडा, पुलाच्या कमानीचा दगड, असं काहीतरी ठाम चौकटीत असू दे. चार महिन्यांनी तेच कामाला येतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेव. ती फाइलच्या पोटात बसते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की ही पोटातली माहिती निघून जाते आणि चित्रही दाबलं जातं. म्हणून कुणाकडून काही मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांग. तसं 2 जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं येतं. उलट, ज्या बाईने नाव न छापण्याच्या अटीवर तुला काही दाखवलं असेल, तिचा मूळ फोटो कुणालाही डॉक्युमेंट म्हणून पाठवू नकोस. त्यात तिच्या घराचं ठिकाण असतं. लैंगिक अत्याचारातली पीडित असेल तर ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे. मूल असेल तर पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम 23 आहे. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. शाळेचं नाव, बापाचा धंदा, वस्ती यांवरून गावात लगेच कळतं.

गॅलरीत व्हिडिओ कापताना 'सेव्ह' दाबू नकोस, 'सेव्ह कॉपी' दाब. मूळ फाइलीला कात्री लावायची नाही, कधीही नाही. संपादनाच्या ॲपमधून निघालेली फाइल नवी असते, तिची तारीखही नवी असते.

जागा किती लागते ते विचारलंस. 1080 पी, सेकंदाला 30 फ्रेम, तर एका मिनिटाला साधारण 120 ते 150 एमबी. रोज 20 मिनिटं कच्चं चित्रीकरण धर, म्हणजे अडीच ते तीन जीबी. वर्षाचे 300 दिवस काम केलंस तर 1 टीबीची एक डिस्क पुरते. तशा दोन घे. एकीवरून दुसरीवर दर रविवारी उतरव. दुसरी तुझ्या घरात ठेवायची नाही. मावशीकडे, बहिणीकडे, दुसऱ्या गावात ठेव. घरात पाणी शिरलं तर दोन्ही डिस्का एकाच कपाटात भिजतात. तिसरी प्रत निवडक गोष्टींची, गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. फुकटचे 15 जीबीच असतात, आणि 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजले जातात. दोन वर्षं खातं उघडलं नाही तर गूगल ते पुसू शकतं. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह ही ने-आण करायची साधनं आहेत, साठवणीची नाहीत. वर्षानुवर्षं कपाटात पडली की त्यांतली माहिती विरू लागते. सहा महिन्यांनी डिस्क लावून कुठल्याही दहा फाइली उघडून बघ. उघडल्या नाहीत तर दुसरी प्रत असतानाच कळलेलं बरं.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तालुका, विषय, क्रमांक. तारीख पुढे ठेवली की फाइली आपोआप ओळीने लागतात. आणि एक नोंदवही, कागदाची नाही तर संगणकातल्या तक्त्याची: तारीख, गाव, तालुका, विषय, कोण बोललं, फाइलचं नाव, कुठे टाकलं, नंतर काय दुरुस्ती केली. गावा-जिल्ह्यांची दोन्ही नावं लिही. 2023 मध्ये नावं बदलली, पण शोधणारा माणूस 'उस्मानाबाद पूर' असंही शोधेल आणि 'धाराशिव पूर' असंही. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगरचं तेच. जुन्या कागदांत अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद सापडतं, तेही शेजारी लिहून ठेव.

या तक्त्यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. आपल्या जिल्हा वर्तमानपत्रांचा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर संगणकावरच टाइप झाला. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट, पेजमेकरची पानं, कोरलड्रॉतल्या जाहिराती. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीचे, नव्हते. आतून इंग्रजी अक्षरंच होती, वरून मराठी आकार चढवलेले. फॉन्ट हरवला की पान म्हणजे नुसत्या चिन्हांची रांगोळी. त्यात 'मांजरा धरण' असं शोधून काही सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे मांजरा हा शब्दच नाही. एवढी वर्षं गावोगावच्या बातमीदारांनी एसटीने पाकिटं पाठवून, फोनवरून वाक्य-वाक्य सांगून जे जमवलं, ते असं डोळ्यांदेखत मुकं होऊन पडलंय. रूपांतराची साधनं आहेत, पण ती लावायला आधी फाइल तरी हवी. कितीतरी कार्यालयांत संगणक बदलताना जुना संगणक भंगारात गेला. मला याची हळहळ वाटते आणि ती लपवावीशी वाटत नाही. तू लिहिशील ते युनिकोडमध्येच लिही. डिझाइनसाठी कुणी जुना फॉन्ट वापरत असेल तर मजकुराची युनिकोड प्रत वेगळी ठेव. वेबसाइटवर बातमीचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत बनव. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांच्या खुणांची वीतभर लांब माळ होते आणि लोक ती फसवणूक समजून दाबत नाहीत.

मला ठाऊक आहे, तुझ्या वयाचे लोक म्हणतात की जुनं कोण बघतं. आजचा व्हिडिओ उद्या शिळा. मी ऐकून घेतो आणि मला ते पटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा फोटो निगेटिव्हवर निघाले. पाकिटावर गाव आणि तारीख लिहून कोरड्या जागी ठेवलेली निगेटिव्ह आजही स्कॅन होते आणि घर कुठे होतं ते दाखवते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा लोकांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन होते, आणि पाचच महिन्यांनी जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं. आता जरा तुझ्याच ओळखीच्या लोकांना विचार की त्या रेल्वेचा त्यांनी काढलेला फोटो कुठे आहे. साधन सोपं होत गेलं आणि जपणूक कमी होत गेली. म्हणून मी हट्ट करतो, आणि करत राहणार.

त्या शेतकऱ्याचं काय, तेही सांगतो, कारण अजून काही हाती लागू शकतं. तुझा व्हिडिओ ज्यांनी त्या दिवशी पुढे पाठवला त्यांच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमध्ये तुकडे असतील. ग्रुपवर नीट आवाहन कर, गाव आणि तारीख सांगून. त्या बांधावरून इतर लोकांनी काढलेलं शोध. मग पाऊस. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात, आणि मंडळनिहाय आकडे तहसीलमध्ये असतात. त्या दिवसाचा आकडा लेखी मागायला लाव. मग उपग्रह. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट बघता येतात. सेंटिनेल-2 चा एक ठिपका 10 मीटरचा असतो, एक-दोन एकरांचं रान त्यात ओळखू येतं. ढग असतील तर सेंटिनेल-1 चं रडारचं चित्र घे, ते ढगातूनही पाणी दाखवतं. पुराच्या आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेव. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून केलेला असतो. फेरतपासणीचा अर्ज तहसीलदारांकडे, सोबत हे सगळं, आणि पोच घ्यायची.

पुढच्या वेळी गोष्ट कोर्टात गेली तर काय लागतं तेही माहीत असू दे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली अक्षरांची ओळ. शा-256 पद्धतीची ओळ 64 अक्षरांची. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' ही आज्ञा आधीपासूनच असते, त्याने निघते. महत्त्वाच्या फाइलचा हॅश त्याच दिवशी काढून तक्त्यात चिकटव. दोन मिनिटांचं काम आहे. मूळ प्रत नसेल तर मात्र हॅश कशाचा काढणार?

आता वाचक-प्रेक्षकांचं. मूळ प्रतीसारखीच त्यांच्यापर्यंत जाणारी वाटही तुझ्या हातात हवी. निजामाच्या राज्यात 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली की ते दुसऱ्या नावाने निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. आपला वाचक कुठल्या गावात आहे हे ठाऊक असल्याशिवाय असं करता येत नाही. तुझे 40 हजार सबस्क्रायबर कुठल्या गावात आहेत, सांगता येतील? व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये 1,024 माणसं बसतात. ब्रॉडकास्ट यादीत 256, आणि ज्यांनी तुझा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप जातो. व्हॉट्सॲप चॅनलला कितीही लोक येतात, पण त्यांचे नंबर तुला दिसत नाहीत आणि तिथले जुने निरोप 30 दिवसच राहतात. म्हणून ज्यांना रोज बातमी हवी त्यांचं नाव, गाव, नंबर त्यांना विचारून, कशासाठी ते सांगून, आपल्या तक्त्यात लिही. नको म्हणाला की त्याच दिवशी काढ. तो तक्ता कुणाला विकायचा नाही, निवडणुकीत तर कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घे. वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो. तो तुझ्या ईमेलवर, तुझ्या नावाने घे. वेबसाइट बनवून देणारा पोरगा 'मी करतो' म्हणून स्वतःच्या खात्यावर घेतो, पुढे पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, मुदत संपते आणि डोमेन जातो. हे इतक्या ठिकाणी होतं की मी पहिला प्रश्न तोच विचारतो. चॅनलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लाव आणि बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेव. 'जाहिरातीचा करार' म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आली तर उघडायची नाही. तिच्यातला चोर ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतो, तिथे दोन टप्पेही कामाला येत नाहीत.

आणि कुणी 'यूट्यूब चॅनलची शासकीय नोंदणी, सोबत प्रेस कार्ड' म्हणून पैसे मागितले तर हाकलून दे. 1 मार्च 2024 पासून लागू झालेला नियतकालिकांचा नवा नोंदणी कायदा छापील अंकांसाठी आहे. डिजिटल बातम्यांना 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात: माहिती व प्रसारण मंत्रालयाला आपली माहिती कळवायची, तक्रार घेणारा माणूस नेमायचा, 15 दिवसांत उत्तर द्यायचं. प्रसिद्ध केलेला मजकूर किमान 60 दिवस जपायची अटही त्यात आहे. कायदा 60 दिवस म्हणतो. तू कायमचा जप.

व्ह्यूजवर मला फार बोलायचं नाही, कारण तू नको त्या आकड्याकडे बघून रडतेस. पुराच्या आठवड्यात जे आले ते पूर बघायला आले. त्यांना आता ग्रामसभेचा व्हिडिओ दाखवला जातो, ते दाबत नाहीत, म्हणून यूट्यूब तो कमी लोकांना दाखवतं. पुराच्या महिन्याशी तुलना करू नकोस. त्याआधीच्या 90 दिवसांशी कर. स्टुडिओत परत येणाऱ्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा दिसतो, तो बघ. व्हिडिओचं मुखचित्र (थंबनेल) दिसल्यावर किती जणांनी दाबलं, ते प्रमाण निम्म्या चॅनलांचं 2 ते 10 टक्क्यांतच असतं, असं यूट्यूबच सांगतं. तुझं 4 आहे, त्यात रडण्यासारखं काय आहे? शॉर्ट्सचे आकडे फुगलेले दिसतात, कारण 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला लागणाऱ्या 4,000 तासांच्या अटीत मोजत नाहीत.

रील्स कर, मी नाही म्हणत नाही, पण बातमीकडे आणण्यासाठी कर. तुझा खरा प्रेक्षक कोण आहे ते बघ. दिवाळी झाली की बीड-धाराशिवची ऊसतोड टोळी कारखान्यांवर जाते आणि पाच-सहा महिने गाव फोनवरच बघते. चाकण-रांजणगावला कामाला गेलेली पोरं रात्रपाळीच्या आधी बघतात. त्यांना गावातली मयत, पाण्याचा टँकर, शाळेचा निकाल, मोंढ्यातला भाव हवा असतो. रोज ठरल्या वेळेला भाव टाक: आवक किती, कमी, जास्त, सरासरी. सोयाबीनच्या भावासोबत ओलावा सांग. हमीभावाची अट 12 टक्क्यांची आहे, 16 टक्के ओलाव्याच्या मालाचा भाव नुसता सांगितला तर शेतकऱ्याची दिशाभूल होते. धरणाचा विसर्ग सांगताना गणित कर: 11,574 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) सलग 24 तास चाललं की 1 टीएमसी (शंभर कोटी घनफूट). जायकवाडीचा टक्का हा साधारण 76.65 टीएमसीच्या जिवंत साठ्याचा असतो, एकूण 102 चा नाही. हे ठाऊक असलं की 'एका रात्रीत 20 टीएमसी सोडलं' हा फॉरवर्ड तुझ्या हातून पुढे जाणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच माणसं ठेचून मारली, ती अफवा फोनवरूनच फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्डची मर्यादा आणली. आलेला व्हिडिओ कुठला, कधीचा, हे ओळखायला तुझ्या तक्त्यातलं जुनं चित्र हाताशी असावं लागतं. बघ, पुन्हा तिथेच आलो.

शेवटचा प्रश्न स्ट्रिंजरचा. जायला माझी हरकत नाही. ओळख होते, शिस्त लागते. पण कच्चं चित्रीकरण कुणाचं, हे आधी लेखी ठरव. कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून चित्रीकरण करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा ठरतो. म्हणजे वाहिनीने 'अमुक ठिकाणी जा' म्हटलं आणि मानधन दिलं की मूळ प्रतही त्यांची, तू ती तुझ्या चॅनलवर टाकलीस तर स्ट्राइक तुलाच. हक्क देतानाही कलम 19 आहे: हस्तांतर लेखी लागतं, मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. करारात तीन वाक्यं मागून घे. पहिलं: वाहिनीला प्रसारणाचा परवाना आहे, मालकी माझी. दुसरं: त्यांनी दाखवल्यावर अमुक तासांनी मला माझ्याकडे वापरता येईल. 24 तास माग, 48 वर तडजोड कर. तिसरं: मी स्वतःहून काढलेलं आणि त्यांना दिलं नाही ते या करारात येत नाही. मानधनावर घासाघीस मागून कर, आधी ही तीन वाक्यं. 'आमचा ठरलेला नमुना आहे, त्यात बदल होत नाही' असं म्हणतील. तेव्हा तो नमुना सही न करता घरी आण आणि पानांचे स्पष्ट फोटो मला डॉक्युमेंट म्हणून पाठव. मी वाचून, खुणा करून परत देतो, मग तू त्यांच्याशी बोल.